दाढीवाला भारद्वाज

कोपरखार गावात सखुबाईच्या नजरेला तोड नव्हती. गुडघाभर चिखलातल्या कुठल्या बिळातून निवटा मासा डोकं वर काढणार, हे ती बांधावर उभी राहून सांगायची. खाडीपलीकडच्या तिवरांत पाणमांजर शिरलं, तर ते नर की मादी यावर ती कुणाशीही पैज मारायला तयार असायची. साठी उलटली तरी सुईत दोरा स्वतः ओवायची, आणि वर शेजारच्या आवडाबाईलाही ओवून द्यायची. अशा या बाईला एक पाखरू काही केल्या दिसेना, आणि त्या पाखरापायी तिच्या सुनेचा जीव टांगणीला लागला.

सून म्हणजे कृष्णाबाई. नवरा तापाने गेला त्याला सहा वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, वय तिशीच्या आतबाहेर. घरात सासू आणि सून दोघीच. लोकांच्या घरी सासू-सुना भांडून दिवस काढतात, या दोघी पाखरं बघून काढायच्या. पहाटे मिठागराकडे निघाल्या की कालव्याच्या बांधावरून कोसभर वाट होती, आणि त्या वाटेवर त्यांचा एक खेळ ठरलेला होता. जिला आधी दिसेल तिने म्हणायचं, "त्ये बग गो!" मग तो लाल चोचीचा खंड्या असो, लांब तंगड्यांचा शेकाट्या असो, की मारांडीच्या काटेरी झुडपात निळ्या फुलांआड दडून बसलेली घोरपड. सहा वर्षांत कृष्णाबाई तीनदा जिंकली होती. त्यातल्या एकदा सखुबाईच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं.

माघात या खेळात तिसरा माणूस शिरला. दयाराम हा मिठागराची उघाडी सांभाळणारा. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्यातून कालव्यात घ्यायचं आणि वेळेवर दार पाडून अडवायचं, हे त्याचं काम. गडी उरणच्या अंगाचा होता. मिठाच्या हंगामापुरता यायचा आणि मिरग लागला की मचव्यात बसून घरी जायचा. बायको वारलेली. बोलायचा इतकं कमी की मुकादम नामा म्हणायचा, याच्या तोंडालाही उघाडी आहे आणि ती वर्षातून दोनदाच उघडते.

त्या दिवशी ती उघडली. कृष्णाबाई डोईवर मिठाची पाटी घेऊन चालली होती. दयाराम हळूच म्हणाला, "त्ये बग." तिने बघितलं तर पाणमांजराची मादी तीन पिल्लं घेऊन चिखलाच्या उतारावरून पाण्यात घसरत होती. पिल्लं घसरायची, वर यायची आणि पुन्हा घसरायची. शेवटचं पिल्लू पालथं पडून शेपटीकडून घसरलं तेव्हा कृष्णाबाईला असं हसू फुटलं की पाटी कलंडली आणि निम्मं मीठ दयारामच्या डोक्यावर पडलं. तो तसाच पांढराशुभ्र होऊन उभा राहिला आणि हसला. झालं! त्या दिवसापासून कृष्णाबाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. भाकरी करपायची, कालवणात मीठ दोनदा पडायचं. मिठागरावरच्या बाईच्या हातून मीठ जास्त पडावं, यापरतं लक्षण ते काय!

वैशाखात दयारामने नामाकरवी विचारणा केली. त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. फक्त पहिल्या घरचा होकार पाहिजे, आणि पहिल्या घरचं म्हणून उरली होती एकटी सखुबाई. ती हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. "पेनला जोशीबुवांना इचारून येते," म्हणाली आणि एकटीच दोन कोस चालत गेली. संध्याकाळी परत आली ती तोंड बांधल्यासारखी. चार घोट पाणी पिऊन तिने सांगितलं, "बुवा म्हनलं, मिरगाच्या आत भारद्वाज उजवा गेला पायजे. गेला तर होकार. न्हाय गेला तर ह्यो पाट व्हायचा न्हाय."

"भारद्वाज म्हंजे कोन?" कृष्णाबाईने विचारलं.

"पाखरू हाय."

"कसलं पाखरू?"

"बामनाचं पाखरू. मना काय म्हाईत?" असं म्हणून सखुबाईने तोंड फिरवलं.

शहाण्यांना इथेच हसू येईल, पण त्यांनी जरा दम धरावा. ज्या पाखराला शहाणे भारद्वाज म्हणतात, त्याला कोपरखारात कुकूडकोंबा म्हणत. काळं अंग, विटेसारखे तांबडे पंख, गुंजेसारखा लाल डोळा. सखुबाईच्याच कुंपणात एक राहायला होता आणि सकाळ-संध्याकाळ हूप हूप करून अंगण डोक्यावर घ्यायचा. भारद्वाज हे नाव मात्र पेणच्या ब्राह्मणआळीची वेस ओलांडून कधी आलं नव्हतं. आणि आपल्याला माहीत नाही असं म्हणायची कोपरखारात कुणाची तयारी नव्हती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळा गाव भारद्वाज शोधायला निघाला.

पहिला मुद्दा नामाने काढला. भारद्वाज हे ऋषीचं नाव आहे, तेव्हा पाखराला दाढी असणारच. हे सर्वांना पटलं. आवडाबाईने जटाही असतील असं सुचवलं. झालं, दाढी आणि जटा असलेलं पाखरू बघायला माणसं तिवरांत शिरली, करंजांवर चढली, कालव्यात कमरेपर्यंत उतरली. मिठागरावर काम कमी आणि माना वर जास्त, अशी तऱ्हा झाली. एकजण वर बघत बघत मिठाच्या राशीवरच चढला.

तिसऱ्या दिवशी नामा धापा टाकत आला. "गावला! सखूकाकी, भारद्वाज गावला! भगवी कापडं नेसलाय!"

सगळे धावले. रेड्याच्या पाठीवर गायबगळा बसला होता. वैशाखात या बगळ्यांच्या डोक्या-मानेवर केशरी पिसं येतात, आणि हा तर गळ्यापर्यंत भगवा झाला होता. एक पाय वर घेऊन, डोळे मिटून ध्यान लावून बसला होता. कृष्णाबाईने हात जोडले. रेडा उजव्याच हाताला होता.

सखुबाईने डोळे बारीक केले. "बगला हाय तो. भगवं नेसून ऋषी व्हता येत आसतं, तर मंग आजून काय पायजे व्हतं!" इतक्यात ऋषींनी रेड्याच्या कानातली गोचीड मटकावली आणि प्रश्न निकालात निघाला.

मग दयारामने शोध लावला. उघाडीपाशी पांढरी, उंच पाच पाखरं उतरली होती, डोक्यामागे पिसांची शेंडी, आणि चोच अशी की टोकाला थेट पळी. त्याने कृष्णाबाईला बोलावून आणलं आणि तो मोठ्या उत्साहाने चक्क सलग चार वाक्यं बोलला. "ह्यो बग. शेंडी हाय. पली हाय. ऋषीकडं पली आसतेच." कृष्णाबाईला हे इतकं पटलं की तिने बांधावरच फुगडीची गिरकी घेतली. घसरली, दयारामने धरली, आणि दोघं जरा जास्तच वेळ तशी उभी राहिली. सखुबाई आली, बघितलं आणि म्हणाली, "चमचे हायत. दर साली येत्यात. आनि पलीनं चिखल ढवलनारा ऋषी मी तरी आयकला न्हाय."

असे दिवस चालले. तुऱ्याची हुदहुद आणली, तिला सखुबाईने सुतारीण म्हणून परत पाठवलं. अंधुक उजेडात तिवरांत खरोखरच दाढी दिसली, तेव्हा गावाने ओरडून एकच गिल्ला केला. तो आवडाबाईचा चुकलेला बोकड निघाला. तरीही आवडाबाई म्हणालीच, "उजव्या हाताला व्हता, थोडं तरी धरा!"

कृष्णाबाई हसायची, पोट दुखेस्तोवर हसायची. शोधाच्या निमित्ताने दयाराम रोज भेटत होता आणि ती अठरा वर्षांच्या पोरीसारखी बांधावरून पळत होती. पण अंथरुणावर पडली की बोटांवर दिवस मोजायची. मिरगाला नऊ दिवस, सात दिवस, चार दिवस. मिठाच्या राशींवर गवत शाकारायला सुरुवात झाली होती. मिरग लागला की मचवा सुटणार, दयाराम जाणार, आणि बुवांच्या शब्दाप्रमाणे सगळं तिथेच संपणार होतं. सासूच्या नजरेवर तिचा देवासारखा भरवसा होता. सखुबाईला जे दिसत नाही ते नाहीच, असं तिला वाटायचं.

एकच गोष्ट तिला चमत्कारिक वाटली. कुंपणातला कुकूडकोंबा हूप हूप करायला लागला की सखुबाई हल्ली त्याला दगड मारायची. पूर्वी ती त्यालाच तांदळाच्या कण्या टाकायची. "कान किटवलं मेल्यानं," एवढंच म्हणायची.

मिरगाला तीन दिवस उरले तेव्हा कृष्णाबाईचा धीर सुटला. कुणाला न सांगता ती पहाटेच निघाली आणि दिवस कासराभर वर येतो तो पेणला जोशीबुवांच्या परसदारात उभी राहिली. बुवा परसात फणसपोळी वाळत घालत होते.

"बुवा, भारद्वाजाला दाढी केवढी आसते? येकदा नीट सांगा, म्हंजे आमी बराबर शोधू."

बुवांच्या हातातलं ताट तिरपं झालं. "दाढी? कसली दाढी?"

कृष्णाबाईने सगळं सांगितलं. बगळा सांगितला, पळी सांगितली, बोकडही सांगितला. बुवा आधी गालात हसले, मग कमरेवर हात ठेवून हसले, मग त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, "अगो, तुझ्या सासूला मी इथेच उभी करून दाखवला होता! तो बघ, अळवात फिरतोय, तोच असेल."

अळवाच्या पानांतून काळं अंग आणि तांबडे पंख ऐटीत चालत बाहेर आले.

"ह्यो? ह्यो तर कुकूडकोंबा!"

"तुमचा कुकूडकोंबा तोच आमचा भारद्वाज. आणि त्या दिवशी तर तिच्या उजव्या अंगानेच गेला. मी तिला म्हटलं, जा बाई, होकार झाला, घरी जाऊन लापशी शिजव. शिजवली नाही वाटतं?"

लापशी कुठली! कृष्णाबाई बुवांना नमस्कार करायचाही विसरली आणि परतीच्या वाटेला लागली. तिला राग आला होता, आणि असा आला होता की पायाखालची वाट दिसेना. बारा वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिच्या डोळ्यांनी बघितलं, तिने असं फसवावं! घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते ती मोठमोठ्याने म्हणून बघत होती. गवताचा भारा घेऊन समोरून येणारा एक माणूस तिला वाट देऊन बाजूला झाला.

कालवा लागला आणि केवड्याच्या बनातून एक कुकूडकोंबा उडाला. उजव्या हाताने. कृष्णाबाई थांबली. पुढे भेंडीच्या झाडावर दुसरा, तोही उजवा. उंडीच्या झाडाखाली जोडी बसली होती, उजवीच. म्हणजे पंधरा दिवस गाव ज्याच्यासाठी चिखलात लोळत होतं तो प्रत्येक झुडपात बसून त्यांना हूप हूप करून बोलावत होता! राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या कडेने हसू झिरपायला लागलं. बांधाला एक खेकड्याचं बीळ पडलं की पाणी थांबतं का? ती पदराने तोंड दाबून हसली, मग पदर सोडून हसली. पाचव्याला तिने वाकून रामराम घातला. "रामराम भारद्वाजबुवा, दाढी कवा काडलीत?" गावाची वेस येईतो अकरा उजवे आणि दोन डावे झाले होते. डाव्यांना तिने मोजायचं नाही असं ठरवलं.

सखुबाई घरामागच्या बांधावर पाय सोडून बसली होती. ओहोटी लागली होती, चिखलात निवटे उड्या मारत होते. कृष्णाबाई तिच्या शेजारी जाऊन बसली. एवढ्यात कुंपणातून तो निघाला, दोघींच्या उजव्या हाताने आरामात चालत गेला, एक निवटा टिपला आणि हूप हूप करून मारांडीत शिरला.

"त्ये बग गो," कृष्णाबाई म्हणाली.

सखुबाईने मान वळवली नाही. "पेनला गेलीस."

"गेलते."

"बुवांनी सांगितलान."

"सांगितला. लापशी शिजवली का इचारत व्हते." कृष्णाबाईने ठरवलेलं सगळं बोलणं वाटेवरच सांडलं होतं. उरलं होतं तेवढंच तिने विचारलं. "आये, तुना दिसला न्हाय व्हय?"

"दिसला! रोज दिसला. माजं काय डोले फुटलं हायत?" सखुबाई एकदम कडाडली, आणि मग तिचा आवाज चिरकला. "पेनवरनं येतान्ना दोनदा उजवा गेला. मी त्याला दगड मारून डावा कराया बगितला, तरी मेला उजवाच गेला. मना चोरी ठावं न्हाय गो. पन तू गेल्यावर मी काय करू? उपाशी मरन म्हनून न्हाय, हातपाय हायत मना. पन सकाली बांधावं पाखरू दिसलं तर मी कुनाला सांगू? येकटीनं बगायचं आनि येकटीनंच गप बसायचं? त्ये बग म्हनाया कोन तरी लागतंय."

सहा वर्षं त्या खेळात आपण हरतोय असं कृष्णाबाईला वाटत होतं. ज्याला सासू खेळ म्हणत होती तो तिचा सगळा संसार होता, हे आज तिच्या ध्यानात आलं. तिने म्हातारीचा मिठाने भेगाळलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"आये, नवरीबरूबर पाठराखीन जाती का न्हाय?"

"लग्नाच्या नवरीबरूबर जाती. पाटाच्या नवरीला कुटली पाठराखीन? आनि सासू कंदी पाठराखीन व्हती काय? लोक शेन घालतील तोंडात."

"घालू दे. मी पेनला जाऊन बोकडाची दाढी इचारून आयले, माजी लाज गेली ती गेलीच. तू चल."

"पाठराखीन पाच दिवसांनी माघारी येती."

"तूबी ये. उरनच्या अंगाची पाखरं बगून सरली का ये माघारी."

सखुबाईने हिशेब करावा तशी बोटं हलवली. उरणच्या अंगाला केवढी खाडी, केवढी मिठागरं, आणि थंडीत तिथे लांबलांबून थवे उतरतात असं तिने ऐकलं होतं. "लय दिस लागतील," ती म्हणाली. आणि हसलीच एकदम, इतकी हसली की समोरचे निवटे पटापट बिळांत गेले.

तिने त्याच रात्री लापशी शिजवली. आपण सोबत आलो तर चालेल का, हे दयारामला विचारायला गेली तेव्हा त्याच्या तोंडाची उघाडी पुन्हा उघडली. "माज्या घरामागं कोल्ह्याची वाट हाय," तो म्हणाला. "कोल्ही पिल्लं घेऊन येती तितं. काकींना दाखवीन." सखुबाईने त्याला तिथल्या तिथे पसंत केलं.

पाट लागला. मिरगाच्या आदल्या सकाळी ढग दाटून आले असताना सगळा गाव त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला निघाला. पुढे दयाराम, डोक्यावर ट्रंक घेऊन. मागे हिरव्या लुगड्यातली कृष्णाबाई. तिच्या पाठीशी सखुबाई, काखेत गाठोडं आणि हातात कण्यांची पिशवी, कारण तिकडच्या कुकूडकोंब्यांना काय आवडतं कोण जाणे. नामा वाटेत प्रत्येक बगळ्याला भारद्वाजबुवा म्हणून हाक मारत होता आणि आवडाबाई त्याला चापट मारत होती.

मचवा नजरेच्या टप्प्यात आला आणि हूप हूप ऐकू आलं. कुकूडकोंबा करंजावरून उतरला आणि बांधाच्या कडेला येऊन उभा राहिला. डाव्या हाताला. अगदी स्वच्छ, सगळ्यांना दिसेल असा डाव्या हाताला.

सगळे जागच्या जागी थबकले. दयारामने ट्रंक डोक्यावरून खाली घेतली. कृष्णाबाईने मागे वळून सासूकडे बघितलं. उजवं असताना न दिसलेलं पाखरू आज डावं असताना बघायला, आणि सून घरीच ठेवायला, म्हातारीला आयतं निमित्त होतं. एक शब्द बोलली असती, तर मचवा कोपरखारातून रिकामाच गेला असता.

सखुबाईने पाखराकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग गाठोडं नामाच्या अंगावर टाकलं, पुढे झाली आणि कृष्णाबाईचे दोन्ही खांदे धरून तिला गर्रकन उलटी फिरवली. आता नवरीची पाठ मचव्याकडे आणि तोंड गावाकडे झालं.

"बग आता," सखुबाई गर्जली. "कंच्या हाताला हाय?"

"उजव्या!" अख्खा गाव ओरडला.

"मंग चल. फिरू नको हां, तशीच चल मचव्यापतूर."

आणि कोपरखारची कृष्णाबाई उलट्या पावलांनी नवऱ्याच्या घरी निघाली. मागे दयाराम वाट सांगत होता, "खड्डा हाय, दगड हाय, आता सोपं हाय." पाठराखीण नवरीच्या पाठीशी असते, पण इथे दोघी समोरासमोर आल्या होत्या. सासू पुढे चालत होती, सून मागे मागे जात होती, आणि एकमेकींकडे बघून दोघींना इतकं हसू येत होतं की लुगड्याचे पदर सावरेनात.

धक्क्यापाशी कृष्णाबाईची नजर सासूच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "त्ये बग गो!" ती ओरडली. उंडीच्या फांदीवर दोन धनेश येऊन बसले होते. सखुबाई मागे वळली तोवर ते उडाले. सासूवर चौथ्यांदा मात करून कृष्णाबाई मचव्यात चढली.